विचार कोणाचा, वाक्य कोणाचे?

ह्या अंकासाठी आलेले लेख निवडावयास आम्ही बसलो असता गावच्या खाजनांवरील एक निबंध हाती आला. अक्षर नेटके, भाषा प्रौढ, माहितीही भरपूर. दुसऱ्या पानावर मात्र आम्हांस थबकावे लागले. कारण तेथील एक परिच्छेद पूर्वी कोठेतरी वाचल्याचे स्मरत होते. ग्रंथालयात जाऊन शोध घेतला, तो पुस्तक सापडले. परिच्छेद जसाच्या तसा उतरविलेला होता. इतका, की पुस्तकातील एक मुद्रणदोषही निबंधात मोठ्या इमानाने आला होता. लेखिकेस बोलावून विचारले, तेव्हा ती गोंधळून म्हणाली, "पण बाई, पुस्तकातले खरेच असते ना? मग ते लिहिले तर चुकले कुठे?" आणि तिच्या डोळ्यांत पाणी उभे राहिले.

आपण काही लपविले आहे, असे त्या मुलीच्या मनातही नव्हते. ग्रंथ वाचावेत, संदर्भ जमवावेत, असे आम्ही तिला वर्षभर सांगत आलो. वाचलेल्याचे पुढे काय करावे, हे सांगावयाचे राहून गेले. तेव्हा दोषाचा निम्मा वाटा आमचा. तो काही अंशी फेडावा, म्हणून हा लेख.

प्रथम एक भीती दूर करू. दुसऱ्याचा विचार घेणे हा अपराध नव्हे. कोणताही अभ्यासपूर्ण लेख घ्या, त्यातील बहुतेक सामग्री दुसऱ्यांनीच मिळविलेली असते. गोवा १९ डिसेंबर १९६१ रोजी मुक्त झाला, पाणी समुद्रसपाटीस १०० अंश सेल्सिअसला उकळते, ह्या गोष्टी सर्वांच्या आहेत; त्यांच्यापुढे कोणाचे नाव घालीत बसण्याचे कारण नाही. परंतु एखाद्याने कष्टाने शोधलेली माहिती, त्याने बसविलेली कार्यकारणाची संगती, त्याने काढलेला निष्कर्ष, त्याची खास शब्दरचना, ही त्याची असते. ती घ्यावी, परंतु कोणाकडून घेतली ते सांगून घ्यावी. न सांगता घेतली, तर त्यास वाङ्मयचौर्य असे कठोर नाव आहे.

हा विचार पाश्चात्त्य विद्यापीठांतून आपल्याकडे आला, असा अनेकांचा समज दिसतो. तो खरा नाही. नवव्या शतकात काश्मीरमध्ये होऊन गेलेल्या आनंदवर्धनाने 'ध्वन्यालोक' ह्या ग्रंथाच्या चौथ्या उद्द्योतात, एका कवीचे काव्य दुसऱ्याच्या काव्यासारखे दिसते ते किती प्रकारांनी, ह्याचा विचार केला आहे. त्याने तीन प्रकार सांगितले. एक आरशातील प्रतिबिंबासारखे : त्यास स्वतःचा प्राणच नसतो. दुसरे चित्रासारखे : रंगरेषा नव्या, पण त्याचे स्वतःचे असे फारसे काही नाही. तिसरे दोन माणसांच्या सारखेपणासारखे : चेहरामोहरा मिळताजुळता, पण प्रत्येकाचा जीव निराळा. पहिले दोन त्याज्य, तिसरे घेण्यास हरकत नाही, असा त्याचा निर्णय आहे. पुढे दहाव्या शतकाच्या सुमारास राजशेखराने 'काव्यमीमांसे'त ह्याच विषयाला स्वतंत्र अध्याय दिले आणि शब्दांचे हरण व अर्थाचे हरण असा भेद केला. इतर चोऱ्या काळाच्या ओघात विसरल्या जातात, पण वाणीची चोरी मुलानातवंडांपर्यंत पुसली जात नाही, हे एक मतही त्याने नोंदविले आहे. आणि मौज अशी, की ह्याच चर्चेत त्याने आपली पत्नी अवंतिसुंदरी हिचे मतही तिचे नाव घेऊन दिले आहे. घरातल्या माणसाच्या विचाराचेही ऋण मानणारा हा पंडित आम्हांस फार आवडतो.

कवीस एक सवलत आहे : जुन्या कल्पनेत त्याने नवा जीव ओतला, की नाव सांगण्याची जबाबदारी त्याच्यावर राहत नाही. निबंधकारास ती सवलत नाही. तो वाचकास काही पटवून देऊ पाहतो, आणि हे कशावरून, असे विचारण्याचा वाचकास अधिकार असतो.

विद्यार्थ्यांची सर्वांत अधिक फसगत होते ती शब्द बदलण्याच्या युक्तीने. समजा, एका ग्रंथकाराने असे लिहिले आहे : 'खाजनाचा बांध हा केवळ मातीचा ढीग नव्हे; तो गावाच्या एकीचे मोजमाप होय. ज्या वर्षी गाव भांडला, त्या वर्षी बांध फुटला.' (ही वाक्ये आम्हीच उदाहरणादाखल रचली आहेत, ती कोणत्या पुस्तकात आहेत ते शोधू नये.) आता एखादा चतुर विद्यार्थी लिहितो : 'खाजनाचा बंधारा म्हणजे नुसती मातीची रास नसून ते ग्रामस्थांच्या ऐक्याचे माप आहे. ज्या साली गावात तंटा झाला, त्या साली बंधारा तुटला.' एकही महत्त्वाचा शब्द मूळचा ठेवला नाही, म्हणून तो निश्चिंत असतो. परंतु वाक्याची घडण तीच, विचार तोच, क्रम तोच. आनंदवर्धनाच्या भाषेत हे निव्वळ प्रतिबिंब. शब्दकोशाची पाने उलटण्याचे श्रम तेवढे त्याचे. आणि एवढे करूनही ग्रंथकाराचे नाव कोठे नाही.

ह्यापेक्षा प्रामाणिक मार्ग दोन आहेत. मूळचे शब्दच इतके नेमके असतील, की ते बदलल्याने अर्थ उणावेल, तर ते अवतरणचिन्हांत जसेच्या तसे द्यावेत आणि ग्रंथकाराचे व ग्रंथाचे नाव सांगावे. असे उतारे थोडे असावेत. लेखभर अवतरणांची तोरणे लावली, तर लेखक कोठे आहे ते शोधावे लागते. दुसरा मार्ग अधिक कठीण, पण अधिक लाभाचा. उतारा दोनदा वाचावा, पुस्तक मिटावे, आणि समजलेला आशय शेजारी बसलेल्या भावंडास सांगत आहोत अशा रीतीने लिहावा. मग पुस्तक उघडून ताडून पाहावे : अर्थ बिघडला नाही ना, मूळचे शब्द नकळत आले नाहीत ना. नाव ह्या वेळीही सांगावयाचेच. उदाहरणार्थ : 'अमुक ग्रंथकाराच्या मते बांधाची अवस्था ही गावाच्या एकोप्याची खूण असते. आमच्या वाड्यावर मात्र निराळे कारण दिसले. भांडण कोणाचेच नव्हते. पण तरुण मंडळी नोकऱ्यांसाठी बाहेर गेली, शेते पडीक राहिली, आणि बांधावर माती घालावयास माणूस उरला नाही.' येथे काय घडले ते पाहावे. उसना विचार कोठे संपतो आणि लिहिणाऱ्याचा कोठे सुरू होतो, हे 'मते' आणि 'मात्र' ह्या दोन लहानशा शब्दांनी दाखविले आहे. ग्रंथकाराचे नाव घेतले, म्हणूनच त्याच्याशी मतभेद दाखविता आला. नाव गाळणाऱ्यास ही सोय नसते. ज्याचे अस्तित्वच झाकून ठेवले, त्याच्याशी वाद तरी कसा घालणार?

आमच्या मुलांच्या बाबतीत आणखी एक अडचण आहे. आम्ही घरी कोंकणी बोलतो, शाळेत मराठी लिहितो, आणि माहिती पुष्कळदा इंग्रजी पुस्तकांतून काढतो. इंग्रजी उताऱ्याचे मराठी करताना घाम गाळावा लागतो, आणि त्या घामामुळे तो उतारा आपलाच झाला असे वाटू लागते. आम्हांसही महाविद्यालयात असताना असेच वाटले होते. एका इंग्रजी टीकाकाराचे दीड पान मराठीत आणून आम्ही निबंधात घातले, आणि आमच्या प्राध्यापकांनी समासात इतकेच लिहिले : 'भाषांतर सुरेख. मूळ लेखकास कळविले काय?' ती वही आम्ही पुढे कित्येक दिवस कोणास दाखविली नाही. भाषांतराचे श्रम आपले, विचार मूळ लेखकाचा. दोन्ही गोष्टी सांगाव्यात. भ्रमणध्वनीच्या किंवा संगणकाच्या पडद्यावरून उचललेल्या मजकुरासही हाच नियम लागू आहे. तेथे लिहिणारा दिसत नाही, म्हणून तो नसतो असे नव्हे.

कायद्याचा विषय ह्याहून थोडा वेगळा. आपल्या देशाच्या १९५७ च्या कायद्याने लेखकाच्या शब्दरचनेस त्याच्या हयातीत आणि पुढे ६० वर्षे संरक्षण आहे. नुसत्या कल्पनेस नाही. पण मुदत संपली म्हणजे लेखकाचे नावही संपले, असे होत नाही. महाविद्यालयीन संशोधनासाठी विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ मध्ये स्वतंत्र नियम केले, आणि प्रबंधात ६० टक्क्यांहून अधिक मजकूर इतरांशी जुळल्यास नोंदणी रद्द करण्याची तरतूद त्यांत आहे. शाळेत एवढा कडक दंड नाही. सवय मात्र शाळेतच लागते.

आता नाव सांगितल्याने काय घडते, ह्याचे आम्हांस सर्वांत प्रिय असलेले उदाहरण. दहावीची मुले वर्गसमीकरणे सोडवितात. समीकरणाच्या दोन्ही बाजूंस वर्गपदाच्या सहगुणकाच्या चौपटीने गुणावे, अज्ञाताच्या सहगुणकाचा वर्ग दोन्ही बाजूंत मिळवावा, म्हणजे डावीकडे पूर्ण वर्ग तयार होतो : ही रीत श्रीधराचार्यांची म्हणून ओळखली जाते. श्रीधराचार्यांचा बीजगणितावरील ग्रंथ आज उपलब्ध नाही. मग ही रीत त्यांची, हे आपणांस ठाऊक कसे? भास्कराचार्यांमुळे. इ. स. ११५० च्या सुमारास आपल्या 'बीजगणित' ह्या ग्रंथात भास्कराचार्यांनी ती रीत दिली आणि ती श्रीधराची, असे स्वच्छ सांगितले. एवढेच नव्हे, तर ग्रंथाच्या अखेरीस त्यांनी म्हटले आहे, की ब्रह्मगुप्त, श्रीधर व पद्मनाभ ह्यांची बीजगणिते फार विस्तृत असल्यामुळे त्यांचे सार घेऊन आपण हा ग्रंथ केला. पद्मनाभाचाही ग्रंथ आज मिळत नाही. त्याचे नाव राहिले ते ह्या उल्लेखामुळे. भास्कराचार्य गप्प राहिले असते, तर ती रीत त्यांचीच ठरली असती आणि कोणी हरकतही घेतली नसती. त्यांची थोरवी ह्या ऋणनिर्देशाने तसूभरही कमी झालेली दिसत नाही. ज्ञानेश्वरांनीही शके १२१२ मध्ये, म्हणजे इ. स. १२९० मध्ये, आपल्या ग्रंथाच्या शेवटी व्यासांच्या मागोमाग आणि भाष्यकारांस रस्ता विचारीत आपण चाललो, असे सांगितले. ज्ञानेश्वरी वाचून ती दुसऱ्याची आहे, असे कोणास वाटले आहे?

व्यवहारात सर्वांत उपयोगी पडते ती टिपणवही. टिपण घेतानाच पुस्तकाचे नाव, लेखक व पृष्ठ लिहावे. शब्दशः घेतलेल्या मजकुरास तेथेच अवतरणचिन्हे घालावीत. आणि स्वतःच्या मनात आलेले दुसऱ्या शाईने लिहावे. पुष्कळसे वाङ्मयचौर्य लबाडीने होत नाही. महिन्याभराने वही उघडली, की कोणते वाक्य कोणाचे हेच आठवत नाही, आणि सगळेच आपले वाटू लागते.

त्या मुलीने निबंध परत नेला. आठ दिवसांनी तिने तो नव्याने लिहून आणला. तो ह्याच अंकात आहे. पुस्तकातील परिच्छेदाच्या जागी आता दोन ओळींचा सारांश आहे आणि ग्रंथकाराचे नाव आहे. त्याखाली मानशीचे वर्णन आले आहे : बांधातील ती लाकडी दारे भरतीच्या पाण्याने कशी मिटतात, ओहोटीस आतल्या पाण्याच्या दाबाने कशी उघडतात, आणि दारातून शेवाळ काढावयास पाण्यात कोणी उतरावयाचे. ही माहिती कोणत्याही पुस्तकात तिला मिळाली नव्हती. आजोबांनी बांधावर नेऊन दाखविली होती. ती तिने त्यांच्या नावानिशी दिली आहे. नाव छापले जाणार, हे तिने घरी सांगितले तेव्हा आजोबा म्हणाले, "म्हजें नांव कित्याक गो? हें सगल्यांक खबर आसा." हे वाक्यही तिने निबंधात घातले आहे, अवतरणचिन्हांत.