गर्भपातानंतरची वाट

बाळंतपण व संगोपन यांवर मासिकांतून पुष्कळ लिहिलें जातें. परंतु गर्भ पडल्यावर रक्त थांबेना, तर बाईनें कोणाकडे जावें, याविषयीं सुशिक्षित घरांतहि कुजबुजीपलीकडे कोणी बोलत नाहीं. शहरांत दवाखाना दोन गल्ल्यांवर असतो, म्हणून हें मौन खपून जातें. मेळघाटांत तें खपत नाहीं. धारणीला उपजिल्हा रुग्णालय आहे. पण जिल्ह्याचें ठिकाण अमरावती तेथून सुमारें १५० किलोमीटर, आणि मधली वाट जंगलाची व घाटाची.

गर्भ आपोआप पडो वा पाडलेला असो, त्याचा अंश आंत राहिला कीं रक्तस्राव व जंतुदोष ठेवलेलेच. उपचार वास्तविक फार अवघड नाहीं. हातानें चालविण्याच्या निर्वात पिचकारीनें गर्भाशय रिकामें करतां येतें. तिला वीज लागत नाहीं, पूर्ण भूलहि बहुधा लागत नाहीं. मिसोप्रोस्टॉलच्या गोळ्यांनींहि कित्येकदां काम भागतें. मग अडतें कोठें?

आमच्या मतें, प्रथम भयापाशीं. १८६० च्या दंडसंहितेनें गर्भपात करविणाऱ्या स्त्रीलाहि गुन्हेगार ठरविलें होतें. १९७१ सालीं वैद्यकीय गर्भपाताचा कायदा झाला, तरी जुनी धास्ती गेली नाहीं. त्यांत लिंगनिदानबंदीच्या कायद्याशीं गल्लत होते ती वेगळीच. वस्तुतः कायदेशीर गर्भपातास सज्ञान स्त्रीची स्वतःची संमति पुरते, पतीची सही लागत नाहीं. आणि २०२१ च्या दुरुस्तीनें तिचें नांव बेकायदा फोडणाऱ्यास एक वर्षापर्यंत कैद सांगितली आहे. (हा विषय आमच्या घरांना परका, असें कोणी म्हणूं नये. १८६३ सालीं पुण्यांत जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनीं बालहत्या प्रतिबंधक गृह काढलें, तें ब्राह्मण विधवांची दशा पाहूनच.)

दुसरी अडचण चिठ्ठीची. ‘पुढें न्या’ एवढें लिहून रोग्यास वाटेला लावणें, यास रेफर करणें म्हणावयास आम्ही तयार नाहीं. निघण्यापूर्वीं शिरेंतून सलाईन सुरू व्हावें, जंतुदोषाची शंका असल्यास औषधाची पहिली मात्रा द्यावी, आणि पुढल्या रुग्णालयास फोन करून रक्त व डॉक्टर दोन्ही आहेत ना, हें विचारावें. रक्तच नसलेल्या ठिकाणीं नेऊन पुन्हां तिसरीकडे धाडण्यांत जो वेळ जातो, तोच जिवावर उठतो. चिठ्ठींत काय दिलें व किती वाजतां, हेंहि हवें.

घरच्यांनीं लक्षणें ओळखावीं: लागोपाठ दोन तास, दर तासाला दोन मोठ्या घड्या भिजणें, ताप, दुर्गंधीयुक्त स्राव, पोटांत न थांबणारी कळ, घेरी. यांपैकीं कांहींहि दिसलें तर सकाळची वाट न पाहतां १०८ क्रमांकास फोन करावा. तोंवर बाईला निजवून पांघरूण घालावें, एकटें सोडूं नये. आणि तिनें गोळ्या किंवा काढा घेतला असल्यास तें डॉक्टरांस स्पष्ट सांगावें.