घर आणि रुग्णालय यांमधील अंतर : साहाय्ययुक्त निवासातील सेवेची कसोटी

मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ हा कायदा २९ मे २०१८ पासून अंमलात आला. कुटुंब नाही, कुटुंब स्वीकारीत नाही, राहावयास घर नाही अथवा समाजात योग्य त्या सोयी नाहीत, केवळ एवढ्याच कारणास्तव कोणाही व्यक्तीस मनोरुग्णालयात राहावे लागू नये, असे त्याचे एकोणिसावे कलम सांगते. येरवडा, ठाणे, नागपूर किंवा रत्नागिरी येथील मनोरुग्णालयांशी ज्यांचा अभ्यासाच्या निमित्ताने संबंध आला असेल, त्यांस या तरतुदीचे महत्त्व निराळे सांगावयास नको. रोगाची तीव्रता ओसरली तरी न्यावयास कोणी येत नाही, म्हणून वर्षानुवर्षे रुग्णालयातच राहिलेली माणसे त्यांच्या परिचयाची असतील.

परंतु हक्क मान्य झाला म्हणजे प्रश्न सुटला असे नव्हे. रुग्णालयातून बाहेर पडलेली व्यक्ती ज्या घरी जाते ते खरोखरीच घर असते, की लहान आकाराचे रुग्णालयच असते? आणि हे ठरवावयाचे कोणत्या निकषावर? प्रस्तुत लेखात या दुसऱ्या प्रश्नाचा विचार करावयाचा आहे.

प्रथम संज्ञा स्पष्ट केली पाहिजे. इंग्रजीत ज्यास सपोर्टेड लिव्हिंग म्हणतात, त्यास येथे 'साहाय्ययुक्त निवास' असे म्हटले आहे. दीर्घकालीन मानसिक आजार असलेल्या प्रौढ व्यक्तीने सर्वसाधारण वस्तीतील घरात राहावे आणि स्वयंपाक, पैशांचा हिशेब, औषधोपचार, शेजाऱ्यांशी व्यवहार इत्यादी बाबतींत तिला आवश्यक तेवढेच साहाय्य मिळावे, ही त्यामागील कल्पना होय. 'आवश्यक तेवढेच' या शब्दांत या कल्पनेचे सारे मर्म आहे. साहाय्य कमी पडले तर व्यक्ती निराधार होते. अधिक झाले तर ती पुन्हा रुग्ण होते.

हा दुसरा धोका काल्पनिक नाही. जॉन विंग व जॉर्ज ब्राउन या संशोधकांनी इंग्लंडमधील तीन मनोरुग्णालयांत दीर्घकाळ राहिलेल्या, स्किझोफ्रेनिया झालेल्या स्त्रियांचा अभ्यास केला व तो १९७० साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध केला. रुग्णांजवळ स्वतःच्या मालकीच्या वस्तू किती, त्यांचा बाहेरच्या जगाशी संपर्क किती, दिवसातील किती वेळ त्या काहीही न करता घालवितात, अशा साध्या गोष्टींची त्यांनी मोजदाद केली. सामाजिक परिस्थिती जेथे दरिद्री होती, तेथे औदासीन्य, अबोलपणा इत्यादी लक्षणेही अधिक आढळली. आणि ज्यांचा रिकामा वेळ घटला, त्यांच्या प्रकृतीत सुधारणा दिसून आली. तात्पर्य, रोगाचे म्हणून जे मानले जात होते त्यातील काही अंश परिस्थितीचा होता. ही परिस्थिती मोठ्या इमारतीतच निर्माण होते, असे मानण्यास मात्र आधार नाही. चार खोल्यांच्या घरातही दिवसभर भिंतीकडे पाहात बसता येते.

सेवेचा दर्जा मोजू पाहणाऱ्या संशोधनास येथूनच आरंभ करावा लागतो. या दिशेने अलीकडे झालेला एक महत्त्वाचा प्रयत्न इंग्लंडमधील हेलन किलास्पी व त्यांचे सहकारी यांचा आहे. त्यांनी तेथील सेवांचे तीन प्रकार पाडले : कर्मचारी अहोरात्र उपस्थित असणारी निवासी संस्था, ठराविक वेळ कर्मचारी असणारी साहाय्ययुक्त घरे, आणि स्वतःच्या घरात राहणाऱ्या व्यक्तीस भेटी देऊन केलेले साहाय्य. दर्जाच्या मापनासाठी त्यांनी वापरलेल्या प्रश्नावलीत सात अंगे आहेत : निवासाची भौतिक स्थिती, उपचारास पोषक वातावरण, प्रत्यक्ष उपचार, स्वव्यवस्थापन व स्वायत्तता, समाजाशी संबंध, मानवी हक्क, आणि व्यक्ती पुन्हा आपले जीवन उभारू शकेल या श्रद्धेवर आधारलेली कार्यपद्धती. भौतिक स्थिती हे सातांपैकी केवळ एक अंग आहे, हे लक्षात घेण्याजोगे आहे. आपल्याकडील तपासणीत बहुधा याच एका अंगावर भर पडतो, कारण खाटा, पंखे आणि स्वच्छतागृहे मोजणे सोपे असते.

या गटाने ८७ सेवांतील ६१९ व्यक्तींची पाहणी करून तिचे निष्कर्ष २०१६ साली प्रसिद्ध केले. निवासी संस्थांपेक्षा साहाय्ययुक्त घरांत राहणाऱ्यांची स्वायत्तता अधिक आढळली. साहाय्ययुक्त घरांतील व स्वतःच्या घरी साहाय्य घेणारे लोक समाजात अधिक मिसळलेले होते. परंतु त्यांना गुन्ह्यांचा उपद्रवही अधिक सोसावा लागत होता. हा दुहेरी निष्कर्ष कोणाही नियोजकाने टाळू नये. मोकळीक आणि जोखीम एकाच दारातून घरात येतात. जोखीम पूर्णतः काढून टाकावयाची तर दारास बाहेरून कडी लावावी लागते, आणि मग ते घर उरत नाही.

पुढे ३० महिन्यांनंतर ५८६ व्यक्तींची माहिती मिळाली. त्यांपैकी २४३ व्यक्ती, म्हणजे सुमारे ४१.५ टक्के, कमी साहाय्यावर यशस्वीपणे राहू लागल्या होत्या. निवासी संस्थांत हे प्रमाण १४६ पैकी १५, साहाय्ययुक्त घरांत २४४ पैकी ९६, व स्वतःच्या घरी साहाय्य घेणाऱ्यांत १९६ पैकी १३२ असे होते. या आकड्यांवरून सेवाप्रकारांची सरळ तुलना करणे युक्त ठरणार नाही, कारण निवासी संस्थांतील व्यक्तींच्या गरजाच अधिक होत्या. परंतु असे भेद हिशेबात घेऊनही दर्जाच्या दोन अंगांचा या यशाशी संबंध आढळला : मानवी हक्कांचे संवर्धन आणि जीवन पुन्हा उभारण्यावर विश्वास ठेवणारी कार्यपद्धती. ज्यांस आपण नैतिक शोभेच्या गोष्टी समजतो, त्यांचा संबंध प्रत्यक्ष फलनिष्पत्तीशी आहे, असा याचा अर्थ होतो.

तथापि 'पुढे जाणे' हीच यशाची एकमेव कसोटी मानावी काय? येथे भारतातील एक उदाहरण उद्बोधक आहे. १९९३ साली चेन्नई येथे स्थापन झालेल्या 'द बनियन' या संस्थेने २०१५ साली 'होम अगेन' हा उपक्रम सुरू केला. दीर्घकाळ रुग्णालयात राहिलेल्या चार-पाच व्यक्ती सामान्य वस्तीतील घरात एकत्र राहतात व त्यांस मदतनीसांचे साहाय्य मिळते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली समाजाधिष्ठित मानसिक आरोग्यसेवांविषयी जी मार्गदर्शिका काढली, तीत साहाय्ययुक्त निवासाचा आदर्श म्हणून या उपक्रमाची नोंद आहे. येथील घर म्हणजे पुढच्या मुक्कामाची पायरी नव्हे; व्यक्तीची इच्छा असेल तर तेच तिचे कायमचे घर होऊ शकते. ज्यास परतावयास कुटुंब नाही, त्याच्या बाबतीत स्थिरपणे राहता येणे हेही यशच होय. इंग्लंडमधील कसोटी येथे जशीच्या तशी लावल्यास असे घर अपयशी ठरेल. दोष मात्र कसोटीचा असेल.

आपल्या विद्यार्थ्यांनी या विषयाकडे वळावे असे सुचविताना पद्धतीविषयी एक सावधगिरी सांगणे आवश्यक वाटते. वर उल्लेखिलेली प्रश्नावली सेवेचा व्यवस्थापक भरतो. व्यवस्थापक प्रामाणिक असला तरी तो घराकडे चालकाच्या जागेवरून पाहतो. म्हणून त्याच्या उत्तरांच्या जोडीला रहिवाशाची साक्ष हवी, आणि तीही साध्या प्रश्नांतून : घराची किल्ली कोणाजवळ असते? आज भाजी कोणती करावयाची हे कोणी ठरविले? आपले पैसे आपण मागून घेता की काढून घेता? पाहुणा आला तर कोणाची परवानगी लागते? मराठी घरांत वडीलधाऱ्यांना विचारून वागण्याची रीत आहे. तेव्हा विचारणे आणि परवानगी घेणे यांतील भेदही संशोधकास ओळखता आला पाहिजे.

या प्रश्नांची उत्तरे मिळविण्यास रहिवाशाजवळ निवांतपणे बसण्याइतका वेळ लागतो, महागडी साधने लागत नाहीत. कायद्याने ज्या घराचे वचन दिले आहे ते कोणास खरोखरी मिळाले की नाही, हे त्या घराच्या नोंदवहीपेक्षा तेथे राहणारी व्यक्तीच अधिक खात्रीने सांगू शकेल.