घरातील भांडी आणि विज्ञानाचा पाठ

विज्ञान शिकवावयाचे तर प्रयोगशाळा हवी, असा समज पुष्कळ ठिकाणी आढळतो. वस्तुतः पेला, डबा, बादली व माठ एवढ्या साहित्यावर हवा, पाणी आणि उष्णता यांविषयीचे कितीतरी धडे प्रत्यक्ष दाखविता येतात. मात्र प्रयोगाचे फळ भांड्यापेक्षा तो कोणत्या क्रमाने केला जातो यावर अधिक अवलंबून असते. नियम आधी सांगून मग प्रयोग दाखविला, तर मुले ऐकलेला नियमच पाहतात. भांड्यात काय घडले ते पाहत नाहीत. म्हणून प्रथम प्रश्न, नंतर मुलांचा अंदाज, त्यानंतर कृती व सर्वांत शेवटी कारण, असा क्रम ठेवावा.

१. उपडा पेला : पेल्याच्या तळाशी कागदाचा बोळा घट्ट बसवावा. पेला उपडा करून भरलेल्या बादलीत सरळ खाली दाबावा. ‘कागद भिजेल काय?’ हे आधी विचारावे. पेला तसाच सरळ वर काढला असता कागद कोरडा निघतो. पाण्यात तो तिरपा केला की बुडबुडे बाहेर पडतात आणि कागद भिजतो. रिकामा समजलेला पेला हवेने भरलेला होता, हे मुलांच्या आपोआप ध्यानी येते.

२. माठ व कळशी : एकाच हंड्यातील पाणी माठात व पितळेच्या कळशीत भरून दोन्ही भांडी सावलीत, वाऱ्यावर ठेवावीत. काही तासांनी मुलांनी दोहोंतील पाण्यात बोट बुडवून पाहावे. माठातून पाझरलेल्या पाण्याची वाफ होते व त्यासाठी लागणारी उष्णता माठातून घेतली जाते. त्यामुळे आतील पाणी थंड होते. हा प्रयोग उन्हाळ्यात करून पावसाळ्यात पुन्हा करावा. दमट हवेत वाफ कमी होत असल्याने फरक फार थोडा आढळतो.

३. तीन छिद्रांचा डबा : खोलीबरोबर पाण्याचा दाब वाढतो, हे दाखविण्यासाठी हा प्रयोग नेहमी केला जातो. पुष्कळ चित्रांत सर्वांत खालची धार सर्वांत लांब पडताना दाखविलेली असते. शिक्षकांनी हे चित्र गृहीत न धरता प्रयोग स्वतः करून पाहावा. उंच डब्याला तळापासून ६, १२ व १८ सेंटिमीटरांवर सारख्या आकाराची छिद्रे पाडावीत. डबा सपाट जमिनीवर ठेवून त्यात २४ सेंटिमीटरपर्यंत पाणी भरावे व ती पातळी वरून पाणी ओतून कायम राखावी. आता मधली धारच सर्वांत लांब पडते. वरची व खालची जवळजवळ एकाच ठिकाणी पडतात!

याचे कारण असे : खालच्या छिद्रातून पाणी अधिक वेगाने निघते खरे, परंतु जमीन जवळ असल्याने त्याला पुढे जाण्यास वेळ थोडा मिळतो. वरच्या धारेला वेळ पुष्कळ, पण वेग कमी. मधल्या धारेत दोहोंचा मेळ बसतो. पाण्याची उंची व धारेचा वेग यांचा हा संबंध इटलीतील टॉरिचेली याने इ. स. १६४४ मध्ये प्रसिद्ध केला. तोच डबा ३० सेंटिमीटर उंच स्टुलाच्या कडेवर ठेवला, म्हणजे खालची धार सर्वांत लांब पडते.

चित्रावर विसंबून शिक्षकांनी उत्तर आधीच सांगितले असेल, तर ‘मधली धार लांब गेली’ असे म्हणणारा मुलगा चुकीचा ठरतो. वास्तविक त्यानेच नीट पाहिलेले असते. अशा वेळी त्याला गप्प बसविले, तर आपल्या डोळ्यांवर विश्वास ठेवू नये, हाच धडा तो शिकेल. ही हानी पुढे भरून काढणे कठीण असते.

सावधगिरी : कीटकनाशके, खते वा रॉकेल यांचे डबे व बाटल्या धुऊनही वापरू नयेत. घरी प्रयोग करताना मुलांनी ही भांडी हाताळू नयेत, हे त्यांना स्पष्ट बजावावे. छिद्रे शिक्षकांनी स्वतः पाडावीत आणि पत्र्याच्या धारदार कडा ठोकून बसवाव्यात.

नोंद : प्रत्येक मुलाने वहीत ‘माझा अंदाज’ व ‘मी पाहिले’ असे दोन रकाने आखावेत. अंदाज चुकला तरी तो खोडू नये, व शिक्षकांनीही त्यावर चुकीची खूण करू नये.