जिवाणूंचे पहारेकरी

जिवाणू म्हटले की आपल्याला आजार आठवतो. पण जिवाणूंवरही हल्ला होतो आणि तो करतात विषाणू. या विषाणूंना बॅक्टेरिओफेज किंवा थोडक्यात फेज म्हणतात. हे नाव फेलिक्स देरेल या शास्त्रज्ञाने १९१७ साली दिले. पहिल्या महायुद्धात फ्रेंच सैनिकांच्या एका तुकडीत आमांशाची साथ आली होती. त्या सैनिकांचे नमुने तपासताना, आमांशाच्या जिवाणूंना मारणारे काहीतरी त्यांत आहे, हे देरेल यांच्या लक्षात आले. आपल्यासारख्या लष्करी शाळेतल्या मुलांनी हा विषय वाचावा, याचे हे एक कारण.

फेज हल्ला कसा करतो? तो जिवाणूच्या पृष्ठभागाला चिकटतो आणि आपला डीएनए आत सोडतो. मग जिवाणूची सगळी यंत्रणा शत्रूसाठी राबू लागते. शेवटी पेशी फुटते आणि नवे फेज बाहेर पडतात. समजा, एका पेशीतून अर्ध्या तासात १०० फेज निघाले आणि प्रत्येकाला नवी पेशी मिळाली, तर तासाभरात १०,००० आणि दीड तासात १० लाख फेज होतील! हा हिशेब केला की प्रश्न पडतो, जगात जिवाणू शिल्लक राहिले तरी कसे?

कारण त्यांच्याकडे पहारेकरी आहेत. त्यांतले दोन शास्त्रज्ञांना आधीपासून माहीत होते. पहिला पहारेकरी म्हणजे डीएनए कापणारी विकरे. जिवाणू स्वतःच्या डीएनएवर रासायनिक खुणा करून ठेवतो. खूण नसलेला डीएनए आत आला की विकर त्याचे तुकडे करते. रात्रीच्या पहाऱ्यावर परवलीचा शब्द विचारतात, तसेच हे. या विकरांच्या शोधाबद्दल १९७८ साली तीन शास्त्रज्ञांना नोबेल पारितोषिक मिळाले. दुसरा पहारेकरी क्रिस्पर. हा शत्रूची नोंद ठेवतो. हल्ल्यातून वाचलेला जिवाणू फेजच्या डीएनएचा छोटा तुकडा आपल्या डीएनएमध्ये साठवतो आणि तोच फेज पुन्हा आला की त्याला ओळखून कापतो. दही आणि चीज बनवताना वापरल्या जाणाऱ्या एका जिवाणूवर प्रयोग करून २००७ साली हे सिद्ध झाले.

पण दोनच पहारेकरी असतील का? इस्रायलमधील वाइझमन संस्थेचे शास्त्रज्ञ रोतेम सोरेक यांनी या प्रश्नाचा पाठपुरावा केला. त्यांची शोधण्याची पद्धत मला सर्वांत आवडली. जिवाणूच्या डीएनएमध्ये संरक्षणाची जनुके बहुधा शेजारी शेजारी असतात, हे आधीच लक्षात आले होते. अशा वस्तीला शास्त्रज्ञ संरक्षणाचे बेट म्हणतात. एखाद्या छावणीत शस्त्रागार आणि गार्डरूम दिसली, तर शेजारच्या पाटी नसलेल्या इमारतीचाही संबंध सुरक्षेशी असेल, असा अंदाज आपण करू. सोरेक यांच्या गटाने हजारो सूक्ष्मजीवांच्या डीएनएची माहिती संगणकावर तपासली आणि ओळखीच्या पहारेकऱ्यांशेजारी वारंवार दिसणारी अनोळखी जनुके निवडली.

पण अंदाज म्हणजे पुरावा नव्हे. म्हणून त्यांनी ती जनुके प्रयोगशाळेत तयार करून घेतली आणि ज्या जिवाणूंकडे ती नव्हती त्यांच्यात घातली. मग त्या जिवाणूंवर फेज सोडले. जिवाणू तगले, तर ती जनुके खरोखर पहारेकरी. या पद्धतीने २०१८ साली त्यांनी दहा नव्या यंत्रणा जाहीर केल्या. त्यांतल्या नऊ फेजला अडवतात, तर एक प्लाझ्मिड नावाच्या परक्या डीएनएला रोखते. या यंत्रणांना त्यांनी जगातल्या रक्षणकर्त्या देवदेवतांची नावे दिली. उदाहरणार्थ, हाचिमान हा जपानमधील योद्ध्यांचा देव, तर गाबिया ही लिथुआनियातील चुलीच्या अग्नीची देवता.

२०१९ साली याच गटाने दाखवलेली एक गोष्ट मात्र चटका लावणारी आहे. काही जिवाणूंमध्ये फेज आत शिरल्याचे कळताच एक विकर इशारा देणारा रेणू तयार करते. त्या इशाऱ्याने दुसरे विकर जागे होते आणि पेशीचे स्वतःचेच पटल तोडून टाकते. नवे फेज तयार होण्याआधीच पेशी मरते, त्यामुळे शेजारच्या पेशी वाचतात. वसतिगृहात एकाचे डोळे आले की त्याला लगेच एमआय रूममध्ये, म्हणजे शाळेच्या दवाखान्यात, वेगळे ठेवतात. साथ तिथेच थांबवायची, हा विचार दोन्हीकडे सारखाच. फक्त आमचा मित्र चार दिवसांत परत येतो, पेशी परत येत नाही.

याला बलिदान म्हणावे का? आमच्या डॉर्मिटरीत यावर बरीच चर्चा झाली. माझ्या मते नाही. सैनिक परिणाम माहीत असूनही पुढे जातो, जिवाणूला मन नसते. शेजारच्या पेशी बहुतेक वेळा एकाच पेशीच्या विभाजनातून आलेल्या असतात आणि त्यांच्यात तीच जनुके असतात. एक पेशी गेली तरी त्या वाचतात, म्हणून पहाऱ्याची ही जनुके टिकून राहतात. हे निसर्गाचे गणित आहे. आपण त्यातून शिकावे, पण शौर्य हा शब्द माणसांसाठीच राखून ठेवावा.

आणखी एक आश्चर्य म्हणजे, असाच इशारा देणारी यंत्रणा आपल्या शरीरातही आहे. पेशीत विषाणूचा डीएनए भलत्या जागी दिसला की ती धोक्याची सूचना देते. या यंत्रणेचे मूळ जिवाणूंच्या फेजविरोधी लढ्यात असावे, असे हे संशोधन सांगते. म्हणजे ज्यांना आपण केवळ शत्रू समजतो, त्यांच्याच जुन्या युक्त्या आज आपले रक्षण करत आहेत.

या ज्ञानाचा उपयोग काय? अनेक जिवाणूंवर आता प्रतिजैविके चालेनाशी झाली आहेत. अशा वेळी फेज वापरून रुग्ण बरा करण्याचे प्रयत्न होत आहेत. जॉर्जिया देशातील तिबिलिसी शहरात १९२३ साली स्थापन झालेली एक संस्था हे काम दीर्घकाळ करत आली आहे. पण रोगजंतूकडे कोणते पहारेकरी आहेत हे ठाऊक नसेल, तर पाठवलेला फेज दारातच मारला जाऊ शकतो. हल्ला करण्यापूर्वी समोरच्याची संरक्षणव्यवस्था जाणून घ्यावी लागते, हे आम्हाला शाळेत शिकवतात. डॉक्टरांनाही ते तितकेच लागू आहे. मला पुढे पुण्याच्या एएफएमसीमध्ये प्रवेश घ्यायचा आहे. तेव्हा हा अभ्यास मी आतापासूनच सुरू केला आहे.

– एक कॅडेट, इयत्ता दहावी