वेब सेवांच्या सर्व्हरचे प्रशासन : ब्राउझरमधील कन्सोलचे स्वरूप व मर्यादा

बोलींच्या अभ्यासात सामग्री ग्रंथरूपाने प्रसिद्ध केली म्हणजे काम संपले, अशी स्थिती आता राहिलेली नाही. अ. मा. घाटगे यांनी मराठी बोलींच्या सर्वेक्षणाचे खंड १९६३ पासून प्रसिद्ध करावयास आरंभ केला, तेव्हा अभ्यासकाच्या हाती छापील पृष्ठ पडे आणि तेथे प्रकाशकाची जबाबदारी पुरी होई. पुण्याचे डेक्कन महाविद्यालय व राज्य मराठी विकास संस्था यांनी अलीकडे केलेल्या बोली-सर्वेक्षणाची सामग्री महाजालावर ठेवलेली आहे. ग्रंथ छापून झाल्यावर छापखान्यास कुलूप लावले तरी ग्रंथाचे काही बिघडत नाही. महाजालावरील सामग्री मात्र कोणीतरी अहोरात्र चालू ठेवावी लागते. भाषाविज्ञानाचे विभाग आपापल्या सेवा स्वतः चालवू लागले, तर हे ‘चालू ठेवणे’ म्हणजे नेमके काय, हे जाणून घेणे अध्यापक व विद्यार्थी या उभयतांस प्राप्त होते.

प्रथम ‘वेब सेवा’ या संज्ञेचा अर्थ निश्चित केला पाहिजे. वेब पृष्ठ मनुष्याने वाचावयाचे असते. वेब सेवा एका संगणकप्रणालीने दुसरीस विचारावयाची असते. समजा, कोल्हापूर परिसरातील बोलींचा एक शब्दसंग्रह आपण सर्व्हरवर ठेवला. दूरच्या एखाद्या विद्यापीठातील प्रणाली ‘पाणी’ हा शब्द पाठविते व त्याचे व्याकरणिक पृथक्करण मागते. आपला सर्व्हर ते ठरलेल्या साच्यात परत करतो. हे साचे ठरविण्याचे प्रयत्न २००० च्या सुमारास जोमाने झाले. सोप नावाच्या संदेशपद्धतीचा १.१ हा मसुदा त्याच वर्षी वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियमपुढे आला, आणि रॉय फील्डिंग यांचा रेस्ट या रचनाशैलीचे विवेचन करणारा प्रबंधही त्याच वर्षीचा. अशा सेवा ज्या प्रणालीच्या आश्रयाने चालतात त्यांपैकी टॉमकॅट ही विनामूल्य असून विद्यापीठांत बरीच रूढ आहे. म्हणून पुढील विवेचनात मुख्यतः तिचाच आधार घेतला आहे.

आता ‘कन्सोल’. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० साली कार्यान्वित झालेल्या व १९६२ साली ‘टिफ्रॅक’ हे नाव पावलेल्या संगणकाच्या काळी कन्सोल म्हणजे यंत्राशेजारचे, दिव्यांचे व कळांचे प्रत्यक्ष मेज असे. यंत्रावर हुकमत चालवावयाची तर त्या दालनात जावे लागे, आणि दालनास दार असे. ब्राउझरमधील कन्सोल हे त्याच मेजाचे वंशज होय. परंतु मेज पडद्यावर आले तेव्हा दालन व दार ही दोन्ही मागे राहिली. कन्सोलसंबंधीचे बहुतेक सर्व प्रश्न या एका गोष्टीतून उद्भवतात.

टॉमकॅटच्या ‘मॅनेजर’ या कन्सोलचे पृष्ठ दिसावयास अगदी साधे आहे. सर्व्हरवर स्थापिलेल्या प्रत्येक अनुप्रयोगाची एकेक ओळ, तो चालू आहे की नाही हे सांगणारा एक रकाना, आणि शेजारी चार कळा : स्टार्ट, स्टॉप, रीलोड व अनडिप्लॉय. खाली नवा अनुप्रयोग चढविण्याची सोय. यांपैकी पहिल्या तीन कळांचा परिणाम उलटविता येतो. चौथीचे तसे नाही. ‘स्टॉप’ने सेवा थांबते, तिच्या फाइली जागच्या जागी राहतात, ‘अनडिप्लॉय’ने अनुप्रयोग आपल्या संपूर्ण निर्देशिकेसह सर्व्हरवरून पुसला जातो. त्या निर्देशिकेत कोणी भाबडेपणाने ध्वनिमुद्रणे ठेवली असतील, तर तीही जातात. चारी कळा सारख्याच आकाराच्या असून एकाच रांगेत आहेत. शेवटची कळ वेगळी ठेवावयास हवी होती, असे माझे मत आहे.

या कळा दाबण्याचा अधिकार कोणाचा? इंग्रजी ‘ॲडमिनिस्ट्रेटर’ला मराठीत ‘प्रशासक’ हा प्रतिशब्द रूढ आहे, आणि कोल्हापूरकरांना त्या शब्दाचा एक विशेष अर्थ अनुभवाने ठाऊक आहे. महानगरपालिकेची मुदत नोव्हेंबर २०२० मध्ये संपल्यावर कारभार प्रशासकाच्या हाती गेला व वर्षानुवर्षे तसाच राहिला. सभागृह नाही, समित्या नाहीत, सर्व अधिकार एका ठिकाणी. सर्व्हरवरील ‘ॲडमिन’ या खात्याची स्थिती तंतोतंत अशीच असते. तेव्हा हा प्रतिशब्द अभावितपणे फारच अचूक ठरला आहे.

टॉमकॅटच्या कर्त्यांनी या एकाधिकाराची वाटणी केली आहे. पूर्वी ‘मॅनेजर’ ही एकच भूमिका होती. सातव्या आवृत्तीपासून तिच्या चार भूमिका झाल्या. एकीला केवळ स्थितिदर्शक पृष्ठ पाहता येते. दुसरीला ब्राउझरमधील कळा वापरता येतात. तिसरी मजकुरी आज्ञांद्वारे काम करणाऱ्या प्रणालींसाठी आहे. आणि चौथी सर्व्हरच्या अंतर्गत मापनांसाठी. कोणत्या व्यक्तीस कोणती भूमिका, हे एका फाइलीत लिहावे लागते, आणि ती फाइल मुळात अशी येते की तिच्यात कोणालाच अधिकार नसतो. शिवाय नव्या आवृत्त्यांत हा कन्सोल केवळ त्याच संगणकावरून उघडतो. बाहेरून उघडावयाचा तर जाणूनबुजून मुभा द्यावी लागते. चुकीचा परवलीचा शब्द पाच वेळा दिला गेल्यास ते खाते पाच मिनिटे बंद राहते. दालनाचे हरवलेले दार असे तुकड्यातुकड्यांनी पुन्हा उभे केलेले आहे.

दुसरी व तिसरी भूमिका एकाच व्यक्तीस देऊ नये, असे टॉमकॅटचे कर्ते बजावतात. त्याचे कारण भाषाभ्यासकास विशेष रंजक वाटावे. एचटीटीपी या संदेशनियमावलीत विनंतीचे प्रकार ठरलेले आहेत आणि त्यांना तज्ज्ञ ‘क्रियापदे’च म्हणतात. ‘गेट’ या क्रियापदाचा संकेत असा की त्याने केवळ मागावे, काही बदलू नये. मजकुरी आज्ञांत मात्र सेवा थांबविण्याचा हुकूमही ‘गेट’नेच देता येतो, म्हणजे रूप पृच्छेचे आणि अर्थ आज्ञेचा. आता ब्राउझरचा स्वभाव असा, की एकदा दिलेला परवलीचा शब्द तो लक्षात ठेवतो आणि त्या सर्व्हरकडे जाणाऱ्या प्रत्येक विनंतीस आपण होऊन जोडतो. प्रशासकाने दुसऱ्या खिडकीत एखादे दुष्ट पृष्ठ उघडले आणि त्यात चित्राच्या पत्त्याऐवजी ‘अमुक सेवा थांबव’ हा पत्ता लिहिलेला असला, तर ब्राउझर चित्र मागावयास म्हणून जातो आणि प्रशासकाच्या नावाने हुकूम देऊन येतो. कळांच्या पृष्ठावर हे घडू नये म्हणून प्रत्येक वेळी एक नवी गुप्त खूण घातलेली असते. मजकुरी आज्ञांना ती नाही.

क्रियापदांचाच घोटाळा जेबॉस या दुसऱ्या सर्व्हरप्रणालीत २०१० साली उघडकीस आला. तिच्या कन्सोलवर परवलीच्या शब्दाचे बंधन होते, परंतु नियमात ‘गेट’ व ‘पोस्ट’ ही दोनच क्रियापदे नमूद केलेली होती. ‘हेड’ या तिसऱ्या क्रियापदाने तीच विनंती केली असता पहारेकऱ्याने तिच्याकडे पाहिलेच नाही. नियम करणाऱ्याने सर्व धातू गृहीत न धरता दोन उदाहरणे दिली आणि उदाहरणांनाच नियम समजले गेले. व्याकरणकारांना हा दोष अपरिचित नाही. त्याच वर्षी ॲक्सिस-२ या सेवाप्रणालीचा दोषही गाजला. तिच्या कन्सोलचे मूळ नाव ‘ॲडमिन’ व परवलीचा शब्द ‘ॲक्सिस२’; अन्य उत्पादनांत ती अंतर्भूत झाली तेव्हा शब्द तोच राहिला, आणि ज्याला तो ठाऊक होता त्याला स्वतःची सेवा सर्व्हरवर चढविता येऊ लागली. सेवा चढविणे म्हणजे त्या यंत्रावर आपल्या इच्छेची प्रणाली चालविणे. आणि प्रणाली चालविता आली की सर्व्हरला जे जे वाचता येते ते ते वाचता येते.

भाषाविज्ञान विभागाच्या दृष्टीने धोका येथेच आहे. शिवाजी पेठेतील एखाद्या वृद्ध बाईंनी घरातले कलह, देणीघेणी, आजारपण सांगत तासभर ध्वनिमुद्रण करू दिले, ते अभ्यासकावरील विश्वासाने. त्यांची संमती अभ्यासापुरती असते. शब्दसंग्रह सर्वांस खुला व मूळ ध्वनिमुद्रणे बंद, अशी व्यवस्था आपण केली, तरी दोन्ही एकाच सर्व्हरवर असतील तर कन्सोलच्या परवलीच्या शब्दाने ती दोन्ही एकदमच उघडतात. म्हणून मूळ ध्वनिमुद्रणे सेवेच्या यंत्रावर ठेवूच नयेत, हे माझे ठाम मत आहे. या बाबतीत सोयीचा युक्तिवाद मला मान्य नाही.

कन्सोल काय दाखवीत नाही, हेही पाहिले पाहिजे. चालू-बंदच्या रकान्यात ‘ट्रू’ असणे म्हणजे सेवा उभी आहे एवढेच. ती बरोबर उत्तर देते की नाही, हे कन्सोलला कळत नाही. टॉमकॅटच्या सातव्या आवृत्तीपर्यंत पत्त्यातील अक्षरे मुळात पश्चिम युरोपीय लिपिसंकेतानुसार वाचली जात. आठव्या आवृत्तीपासून यूटीएफ-८ हा संकेत आला. ‘पाणी’ या शब्दात युनिकोडच्या हिशेबाने चार घटक आहेत, यूटीएफ-८मध्ये त्यांचे बारा बाइट होतात, आणि ते बारा बाइट बारा निरर्थक युरोपीय चिन्हे म्हणून वाचले गेले तरी सर्व्हर ‘शब्द सापडला नाही’ असे शांतपणे कळवितो. कोल्हापूरकडील अनेक स्त्रिया ‘मी आलो’, ‘मी जातो’ म्हणतात. प्रमाण मराठीवर बेतलेली पृथक्करण-सेवा अशा प्रत्येक वाक्याच्या वक्त्याला पुल्लिंगी ठरवीत राहील, आणि रकान्यात ‘ट्रू’ झळकत राहील. या चुका कळावयास सर्व्हरच्या नोंदवहीतील विनंत्या आणि दिलेली उत्तरे यांचे नमुने मधूनमधून माणसानेच ताडून पाहिले पाहिजेत.

कित्येक गोष्टी कन्सोलवर दिसतात, परंतु तेथून बदलता येत नाहीत. एकाच वेळी किती विनंत्या हाताळावयाच्या, याची टॉमकॅटमधील मूळ मर्यादा २०० आहे. स्थितिदर्शक पृष्ठावर हा आकडा दिसतो. बदलावयाचा तर संरचनेची फाइल उघडावी लागते. राधानगरी धरणाचे सात स्वयंचलित दरवाजे जसे पाण्याच्या दाबानेच उघडतात व खालच्या गावांना फक्त किती उघडले याची वार्ता मिळते, तद्वत हा भाग आधी ठरलेल्या रचनेनुसार चालतो आणि कन्सोल केवळ वार्ता देतो. ॲक्सिस-२मध्ये याच्या उलट अडचण आहे : कन्सोलवरून सेवा निष्क्रिय करता येते, परंतु तो बदल स्मृतीपुरताच असतो. वीज गेली, सर्व्हर पुन्हा सुरू झाला, की बंद केलेली सेवा पुन्हा उघडी. म्हणून जो बदल टिकावयास हवा तो फाइलीत लिहावा आणि त्याची तारीखवार नोंद ठेवावी.

एवढे दोष सांगितल्यावर कन्सोल नकोच, असे कोणी म्हणेल. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात शिरोलीनजीक पुणे-बंगळूर महामार्ग कित्येक दिवस बंद होता व शहराचा बाहेरच्या जगाशी रस्त्याचा संबंध तुटला होता. अशा प्रसंगी दूर बसून सेवा नीट थांबविता येणे, ही सोय थोडी नव्हे. ती राखावयाची तर कन्सोल जगास उघडा न ठेवता, सर्व्हरशी आधी एक सांकेतिक बोगदा जोडावा व त्या बोगद्यातून कन्सोल उघडावा. मग सर्व्हरला वाटते की विनंती त्याच यंत्रावरून आली. जोडणी एचटीटीपीएसने झालेली नसेल, तर परवलीचा शब्द प्रत्येक विनंतीबरोबर जवळजवळ उघडाच प्रवास करतो, हेही ध्यानात ठेवावे. या पद्धतीत ‘बाहेर पडा’ अशी खरी सोय नसते. काम संपल्यावर ब्राउझर पूर्ण बंद करणे हाच उपाय. विभागाच्या सामायिक संगणकावर तर हे विसरताच कामा नये.

विभागांची आणखी एक विशेष अडचण आहे. येथे काम करणारे हात दर दोन वर्षांनी बदलतात. एम.ए.चा विद्यार्थी पदवी घेऊन जातो, आणि सर्वांसाठी एकच परवलीचा शब्द असला तर तोही त्याच्याबरोबर जातो. प्रत्येकास स्वतंत्र नाव, कामापुरती भूमिका, आणि ग्रंथालयाच्या ना-देय दाखल्याबरोबरच ते नाव काढून टाकण्याची रीत, एवढे कोणत्याही विभागास विनाखर्च करता येते. विद्यार्थ्यांस बहुधा स्थितिदर्शक पृष्ठ पुरते.

एक काम मात्र भाषाभ्यासकांनीच करावयाचे आहे. टॉमकॅटच्या कन्सोलवरील शब्द फ्रेंच, जर्मन, जपानी अशा भाषांत भाषांतरित झालेले आहेत. मराठी त्यांत नाही. भाषांतर करू जाता ‘स्टॉप’ला ‘थांबवा’ सहज सुचते. खरी कसोटी ‘अनडिप्लॉय’ची. शासकीय वळणाचा भाषांतरकार तेथे ‘विस्थापित करा’ असे लिहील, आणि ते वाचणाऱ्याला अनुप्रयोग दुसरीकडे हलविला जातो असे वाटेल. ‘उतरवा’ हा शब्द बोलीतला व गोड आहे. परंतु उतरविलेली वस्तू पुन्हा चढविता येते, अशी अपेक्षा त्यात दडलेली आहे. ‘रद्द करा’ने केवळ आज्ञा मागे घेतल्यासारखे भासते. येथे ‘पुसून टाका’ असेच म्हणावे, अशी माझी सूचना आहे.