वीज कंपनीच्या छाटणीत अंगणातलं झाड गेलं, तर भरपाई मिळते का?

मे महिन्याचा शेवटचा आठवडा. सकाळी मोबाइलवर मेसेज येतो, ‘पावसाळापूर्व देखभालीच्या कामासाठी वीजपुरवठा बंद राहील.’ दहाच्या सुमारास शिडी, दोरखंड आणि कोयते घेऊन चार-पाच जण गल्लीत उतरतात. संध्याकाळी घरमालक कामावरून परततो तेव्हा वीज आलेली असते, आणि पंधरा वर्षं जपलेल्या सोनचाफ्याचा नुसता खुंट उभा असतो. फांद्यांचा ढीग फाटकाशी पडलेला. कुणी तोडलं, कुणाला विचारून तोडलं, हे सांगायला तिथे कुणी नसतं.

असे फोटो दरवर्षी सोशल मीडियावर फिरतात. खाली कमेंट्समध्ये दोन पक्ष पडतात. एक म्हणतो, वीज गेली की तुम्हीच बोंब मारता, मग फांद्या तोडायच्या नाहीत तर काय करायचं? दुसरा म्हणतो, सरळ केस टाका. दोघांच्याही म्हणण्यात थोडं तथ्य आहे. पण कायद्यात एक प्रश्न असा आहे, जो या भांडणात सहसा कुणी विचारत नाही: आधी झाड होतं की आधी तार?

आधी कंपनीची बाजू

गल्लीबोळांतून जाणाऱ्या बहुतेक ओव्हरहेड तारा उघड्या असतात, त्यांच्यावर रबराचं आवरण नसतं. उन्हाळ्यात तार तापते, लांबते आणि तिचा झोळ वाढतो. त्याच दिवसांत झाडांना नवी पालवी फुटलेली असते. मग वळवाचा वारा सुटला की ओली फांदी तारेला टेकते आणि वीज फांदीतून जमिनीकडे वाट काढते. उपकेंद्रातला ब्रेकर पडतो आणि एका फांदीपायी अख्खा फीडर, म्हणजे कधी कधी शेकडो घरं, अंधारात जातात. ही झाली बरी शक्यता. वाईट शक्यता म्हणजे ब्रेकर पडत नाही, झाडात प्रवाह उतरतो आणि खोडाला हात लावणाऱ्याला शॉक बसतो. लोखंडी आकडीने तारेजवळचे आंबे काढताना लोक दगावतात, तेही याच कारणाने.

त्यामुळे छाटणी व्हायलाच हवी. पण ती कशी होते, हेही पाहायला हवं. छाटणीचं काम अनेकदा कंत्राटी मजुरांकडे असतं. लाइनमनने (महावितरणमध्ये आता त्यांना ‘जनमित्र’ म्हणतात) परमिट घेतलं की वीज बंद ठेवायला मोजके तास मिळतात. तेवढ्यात अख्खा पट्टा उरकायचा असतो. हातात कोयता, वर मे महिन्याचं ऊन. अशा वेळी हात पोहोचेल तिथे घाव बसतो. फांदी नेमकी कुठे कापायची, हे त्यांना कुणी शिकवलेलं नसतं. मालकाने हटकलंच तर उत्तर ठरलेलं, “काका, वरून ऑर्डर आहे.”

कायदा काय म्हणतो?

मूळ आधार आहे विद्युत कायदा, २००३. त्याचं कलम ६८ ओव्हरहेड तारांबद्दल आहे. तारेजवळचं झाड वीजपुरवठ्यात अडथळा आणत असेल किंवा आणण्याची शक्यता असेल, तर कंपनीने कार्यकारी दंडाधिकाऱ्याकडे किंवा सरकारने नेमलेल्या प्राधिकाऱ्याकडे अर्ज करायचा आणि त्याने ते झाड काढण्याचा किंवा योग्य वाटेल तो आदेश द्यायचा, अशी पद्धत त्यात दिली आहे. तालुक्यात तहसीलदार हे कार्यकारी दंडाधिकारी असतात. म्हणजे कागदावर तरी निर्णय कोयतेवाल्याने घ्यायचा नाही.

पुढच्याच पोटकलमात पैशाचा मुद्दा येतो. तार टाकण्याआधीपासून झाड तिथे असेल, तर ते काढण्याचा आदेश देताना झाडाच्या हितसंबंधिताला वाजवी भरपाई ठरवून द्यायची, आणि ती कंपनीकडून वसूल करता येते. तार आधीची आणि झाड नंतरचं असेल, तर या पोटकलमाखाली काहीही मिळत नाही. विजेच्या तारेखाली हौसेने लावलेल्या आंब्याच्या कलमाची गोष्ट इथेच संपते, मग ते कितीही गोड फळ देवो.

बागवाल्यांच्या कामाची ओळ मात्र कलमाच्या शेवटी स्पष्टीकरणात दडलेली आहे. या कलमापुरतं ‘झाड’ म्हणजे फक्त वृक्ष नव्हे. झुडूप, कुंपणाची रांग आणि इतर कोणतीही वनस्पती त्यात धरली जाते. “ते काय झाड आहे का साहेब, मेंदीचं कुंपण तर आहे!” हा युक्तिवाद इथे टिकत नाही.

‘झाड कशाला म्हणायचं’ हा नुसता शब्दांचा कीस नाही, हे गोव्याला विचारा. तिथे २०१६ मध्ये वृक्ष संरक्षण कायद्यातल्या व्याख्येतून नारळ वगळण्यात आला. त्यावरून मोठा गदारोळ झाला आणि २०१७ मध्ये सरकारने नारळाला पुन्हा संरक्षण देत थेट राज्यवृक्षाचा दर्जा दिला.

दुसरं महत्त्वाचं कलम ६७. तारा टाकणं, त्यासाठी खोदणं, त्यांची दुरुस्ती करणं, ही कामं करताना कंपनीने कमीत कमी नुकसान व गैरसोय करायची आणि आपल्याकडून किंवा आपण कामाला लावलेल्या माणसांकडून जे नुकसान होईल त्याची पूर्ण भरपाई द्यायची, असं ते सांगतं. ‘कामाला लावलेल्या माणसांकडून’ हे शब्द लक्षात ठेवा. ‘ते आमचे नव्हते, ठेकेदाराचे होते’ हे उत्तर बऱ्याच ठिकाणी ऐकायला मिळतं. कायद्यात त्याला फारसा आधार नाही.

म्हणजे तार आधीची असली तरी कंपनीला मिळते ती तारेभोवतीची मोकळी जागा. अख्खं झाड मिळत नाही. तारेजवळच्या दोन फांद्या काढून काम भागत असताना सगळा घेर उतरवला असेल, तर कलम ६७ चा मुद्दा उभा राहतो.

तुमच्या जमिनीवरून नवी लाइन टाकायची असेल तर नियम आणखी वेगळा. २००६ च्या नियमांनुसार त्यासाठी मालकाची किंवा भोगवटादाराची आधी संमती लागते. त्याने हरकत घेतली तर कंपनीला जिल्हा दंडाधिकारी किंवा पोलीस आयुक्तांची लेखी परवानगी आणावी लागते. मोठ्या पारेषण वाहिन्या मात्र बहुधा १८८५ च्या टेलिग्राफ कायद्यातल्या अधिकारांखाली टाकल्या जातात. तिथे संमतीची अट नाही, पण पूर्ण भरपाईची आहे, आणि रकमेवरून वाद झाला तर तो जिल्हा न्यायाधीशांकडे जातो. केरळच्या वीज मंडळाच्या अशा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्ये सांगितलं, की भरपाईला एकच ठोकळेबाज सूत्र लावता येणार नाही. जमीन कुठे आहे, तार तिच्या कडेने जाते की मधोमध, हे सगळं पाहावं लागेल.

फाटकाबाहेरच्या पारिजातकाचं काय?

शहरात निम्मी भांडणं इथे होतात. कंपाउंडच्या बाहेर, रस्त्याच्या कडेला लावलेलं झाड तुम्ही कितीही वर्षं पाणी घालून वाढवलं असलं, तरी जागा पालिकेची असते. नुकसानभरपाईचा दावा तिथे लंगडा पडतो. तक्रार मात्र करता येते. महाराष्ट्राच्या नागरी भागात १९७५ चा झाडांच्या संरक्षणाचा कायदा लागू आहे. वृक्ष अधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय झाड तोडता येत नाही आणि ‘तोडणे’ या शब्दात झाडाला कोणत्याही प्रकारे इजा करणंही येतं. २०२१ च्या दुरुस्तीनंतर ५० वर्षं किंवा त्याहून जुन्या झाडाला ‘हेरिटेज’ वृक्ष म्हणून वेगळं संरक्षण आहे. हा कायदा मालकालाही लागू होतो, हे जाता जाता सांगायला हवं. स्वतःच्या अंगणातलं झाडही मनाला येईल तेव्हा तोडता येत नाही.

घाव कुठे बसला, यावर झाडाचं आयुष्य ठरतं

फांदी खोडाला जिथे मिळते तिथे थोडा फुगीर कडा असतो. झाड जखम बंद करतं ते या कड्यातून. अमेरिकेच्या वनसेवेतले शास्त्रज्ञ ॲलेक्स शिगो यांनी हजारो झाडं उभी चिरून हे दाखवून दिलं. कड्याच्या अगदी बाहेर कापलं तर जखम हळूहळू भरते. फांदी अधेमधे छाटली तर उरलेला खुंट कुजतो, बुरशी आत शिरते. वरून त्या खुंटावर उभ्या, जोमदार पण कच्च्या जोडाच्या फुटव्यांचा झुपका येतो. हे फुटवे मूळ फांदीपेक्षा वेगाने तारेपर्यंत पोहोचतात आणि वाऱ्यात सहज मोडतात. म्हणजे वाईट छाटणीने कंपनीचं पुढच्या वर्षीचं कामही वाढतं.

सगळी झाडं सारखी सोसत नाहीत. जास्वंद, मोगरा, बोगनवेल मुळापर्यंत छाटली तरी फुटतात. देवचाफ्याच्या तुटलेल्या फांद्या तर टाकूही नका. सावलीत काही दिवस ठेवून चीक सुकू द्या आणि मातीत खोचा, बहुतेक जगतात. आंब्याचा मोहर पक्व झालेल्या काडीवर येतो. त्यामुळे मे-जूनच्या हलक्या छाटणीने फार बिघडत नाही, पण ऑक्टोबर-नोव्हेंबरात शेंडे उडवले तर त्या फांद्यांचा मोहर गेलाच. मोठ्या घावांवर पावसाआधी बोर्डो पेस्ट लावावी (एक किलो मोरचूद, एक किलो चुना, दहा लिटर पाणी), कारण उघड्या जखमेत बुरशी लागते आणि खोडकिडाही अंडी घालतो. नारळ-पोफळीला मात्र दुसरी संधी नसते. त्यांना वाढीचा एकच कोंब असतो. तो छाटला की झाड संपलं. कोकणात तारेखालच्या माडाची ‘छाटणी’ झाली असं कुणी म्हणालं, तर शेंडा गेला की फक्त झावळ्या, हे आधी बघावं.

केबल किंवा गॅसच्या पाइपसाठी चर खणला जातो तेव्हा नुकसान लगेच दिसतही नाही. झाडाची पाणी शोषणारी बहुतेक मुळं वरच्या फूट-दीड फूट मातीत असतात. जेसीबीने खोडाजवळून चर काढला तर एका बाजूची मुळं तुटतात आणि झाड एक-दोन वर्षांनी वाळू लागतं. तोवर चर बुजलेला आणि ठेकेदार दुसऱ्या शहरात.

प्रत्यक्षात करायचं काय?

झाड तोडलेलं दिसलं की ढीग हलवायच्या आधी फोटो काढा. तार, घाव आणि दोघांमधलं अंतर एकाच चौकटीत येऊ द्या. त्याच दिवशी उपविभागीय कार्यालयात लेखी तक्रार देऊन पोच घ्या. १९१२ वर फोन करून तक्रार क्रमांक घेतलात तर उत्तम, पण नुसत्या फोनवर विसंबू नका.

मग ‘आधी झाड की आधी तार’चा पुरावा. घरातल्या जुन्या समारंभाच्या फोटोत मागे झाड दिसतं का? जुन्या उपग्रह छायाचित्रांत त्याचा घेर दिसतो का? गावाकडे सातबाऱ्यावर फळझाडांची नोंद आहे का? लाइन कधी टाकली हे महावितरणकडून माहिती अधिकारात मागता येतं, कारण ती सरकारी कंपनी आहे. फळझाड असेल तर वय, उत्पन्न आणि बाजारभाव यांवरून रक्कम मांडता येते. शोभेच्या झाडाला असं गणित नाही. तिथे नर्सरीचं बिल आणि तेवढ्याच वाढीच्या झाडाची आजची किंमत एवढाच आधार उरतो.

खरं सांगायचं तर एका सोनचाफ्यासाठी आयोगापर्यंत जाणारे थोडेच, कारण लागणारा वेळ आणि खर्च झाडाच्या किमतीला भारी पडतो. मेपूर्वी दिलेलं पत्र त्यामानाने स्वस्त पडतं. झाड तारेपासून किती अंतरावर आहे ते लिहून ‘छाटणी आमच्यासमोर करावी’ अशी विनंती मार्च-एप्रिलमध्येच सहायक अभियंत्याकडे द्यावी. त्या दिवशी कुणीतरी घरी थांबावं आणि कुठल्या फांद्या जाणार ते कोयता चालण्याआधी दाखवून घ्यावं. तारेजवळ स्वतः चढून कापायचा विचार मात्र करू नये. सोसायटी किंवा गल्ली मिळून मागणी करू शकत असेल, तर उघड्या तारांच्या जागी आवरण असलेली एरियल बंच केबल मागावी. तिच्याजवळ फांद्यांना बरीच मोकळीक मिळते.

आणि नवं झाड लावायचं असेल तर आधी मान वर करून बघा. तारेखाली लिंबू, कढीपत्ता, डाळिंब, जास्वंद, अनंत यांना जागा आहे. सोनचाफा परसात, तारेपासून दूर.