निकाल लागला, आता आष्ट्यातून कुठे?

दहावीचा निकाल लागला की आष्ट्यात संध्याकाळपर्यंत पेढ्यांबरोबर एक प्रश्न घरोघर फिरतो : "सायन्सलाच घालणार न्हवं?" विचारणारा पोराकडे बघत नाही, बापाकडे बघतो. आणि बापही बहुधा "हो" म्हणून मोकळा होतो, कारण सायन्स घेतलं की पुढचा विचार दोन वर्षं लांबणीवर पडतो. ही लांबणीवर टाकलेली दोन वर्षं किती महाग पडतात, याचा हिशेब मात्र बारावीच्या निकालानंतर होतो. तो आधी करता यावा, म्हणून ही माहिती.

टक्का नीट वाचा

२०२५ साली राज्यात दहावीचे ९४.१० टक्के विद्यार्थी पास झाले. सांगली, सातारा आणि कोल्हापूर मिळून होणारा आपला कोल्हापूर विभाग कोकणाखालोखाल दुसरा होता. म्हणजे पास होणं ही आता फारशी बातमी राहिलेली नाही, आणि ८५ टक्क्यांचा अर्थही पूर्वीचा राहिलेला नाही.

टक्का निघतो तो सर्वाधिक गुणांच्या पाच विषयांवर, 'बेस्ट ऑफ फाइव्ह'ने. सर्वांत कच्चा विषय हिशेबातून गळतो. आपल्याकडे तो बहुतेक वेळा गणित किंवा इंग्रजी असतो, आणि इंजिनिअरिंगच्या वाटेवर पोरं अडकतात ती नेमकी याच दोन विषयांत. म्हणून गुणपत्रिकेवरचा एकूण टक्का झाकून ठेवा आणि गणिताची ओळ वाचा. त्यातले २० गुण अंतर्गत मूल्यमापनाचे, म्हणजे शाळेच्या हातचे. ते बाजूला ठेवून ८० पैकी किती उरतात, त्यावर बोलणी करा.

आधी कागद

शाखेवर वाद घालत बसण्यापेक्षा त्याच आठवड्यात कागदांची पिशवी उघडा. जातीचा दाखला, नॉन-क्रिमीलेअर, उत्पन्नाचा दाखला, डोमिसाइल, लागू असेल तर ईडब्ल्यूएसचा दाखला. नॉन-क्रिमीलेअर पुढच्या ३१ मार्चपर्यंत चालणारं हवं. कपाटात जपून ठेवलेलं जुनं उपयोगाचं नाही.

सगळ्यांत वेळ खातं ते जात वैधता प्रमाणपत्र. बारावीनंतर व्यावसायिक अभ्यासक्रमाला राखीव जागेवर प्रवेश घ्यायचा तर ते लागतंच, आणि समितीचं काम आपल्या घाईने चालत नाही. ओबीसींना १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा, भटक्या-विमुक्तांना २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीचा आणि अनुसूचित जातींना १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा शोधावा लागतो. आजोबांचा शाळेचा दाखला कोणत्या गावच्या शाळेत आहे, हे चुलत्याला विचारण्यापासून सुरुवात होते. ज्यांची मुलं बारावी सायन्सला आहेत, त्यांनी कॉलेजमार्फत हा अर्ज त्याच वर्षी करावा, निकालाची वाट बघू नये. आधार कार्डावरचं नाव आणि शाळेच्या दाखल्यावरचं नाव जुळतं का, हेही याच वेळी बघून घ्या.

अकरावी, आणि सायन्सची गोष्ट

२०२५ पासून अकरावीचे प्रवेश साऱ्या राज्यात एकाच ऑनलाइन पद्धतीने होऊ लागले. पूर्वी ही पद्धत मुंबई-पुण्यासारख्या मोठ्या शहरांपुरती होती. आपल्याकडे पोरगं सरळ कॉलेजात जाऊन अर्ज भरायचं. पसंतीक्रमात एक गोष्ट जपायची : पहिल्या पसंतीचं कॉलेज मिळालं तर तिथे प्रवेश घ्यावाच लागतो. नाही घेतला तर पुढच्या नियमित फेऱ्यांना मुकता. सायबर कॅफेवाल्याने सहज टाकलेलं नाव पहिल्या जागी जाऊ देऊ नका.

सायन्स वाईट नाही. ज्याला गणित किंवा जीवशास्त्र मनापासून आवडतं, त्याने डोळे झाकून घ्यावं. पण सायन्ससोबत आता अकादमी येते, अकादमीसोबत फी येते, आणि कित्येक ठिकाणी नाव एका कॉलेजात आणि बसणं दुसरीकडे, असा प्रकार होतो. प्रयोगशाळेचं तोंड न बघता विज्ञान शिकण्याची ही तऱ्हा मला पटत नाही. त्यापेक्षा रोज तास आणि प्रॅक्टिकल होणारं साधं कॉलेज बरं.

राज्याच्या सीईटीत साधारण २० टक्के प्रश्न अकरावीच्या आणि ८० टक्के बारावीच्या अभ्यासक्रमावर असतात. त्यामुळे "अकरावी म्हणजे विश्रांती" असं मानणारे बरेच. पण बारावीचं भौतिकशास्त्र अकरावीच्या पायावर उभं असतं, हे पहिल्या सराव परीक्षेत कळतं. इंजिनिअरिंगसाठी बारावीत भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि गणित मिळून खुल्या वर्गाला ४५ आणि राखीव वर्गांना ४० टक्के पुरतात. पुढची यादी सीईटीवर लागते. डॉक्टरकीला 'नीट' परीक्षा आहेच. आयुर्वेदालाही नीटच लागते, हे अजून पुष्कळ घरांत माहीत नसतं.

आष्ट्यात अण्णासाहेब डांगे अभियांत्रिकी महाविद्यालय १९९९ पासून आहे, आयुर्वेद आणि फार्मसीही गावातच शिकता येतं. इस्लामपूरजवळ, म्हणजे आता ईश्वरपूरजवळ, राजारामनगरला १९८३ पासून राजारामबापू इन्स्टिट्यूट आहे, आणि सांगलीत १९४७ पासून वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालय. पंचवीस किलोमीटरच्या आत एवढी सोय महाराष्ट्रातल्या फार थोड्या गावांना आहे. पण इमारत गावात आहे म्हणून जागा आपली होत नाही. तिथल्या बहुतेक जागा राज्याच्या गुणवत्ता यादीतूनच भरतात.

पदविका : तीच सहा वर्षं

दहावीच्या गुणांवर, कोणतीही सीईटी न देता, तीन वर्षांच्या पदविकेला म्हणजे डिप्लोमाला जाता येतं. मिरजेचं आणि कराडचं शासकीय तंत्रनिकेतन आपल्या आवाक्यातलं. डिप्लोमानंतर इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळतो. तीन अधिक तीन, सहा वर्षं. बारावी करून गेलात तरी दोन अधिक चार, सहाच वर्षं. फरक एवढाच की डिप्लोमावाल्याच्या हातात तिसऱ्या वर्षी नोकरीचा कागद असतो, आणि मधे घरची अडचण आली तर तो थांबू शकतो. इंजिनिअर व्हायचं हे पक्कं असेल आणि घरी पैशाची ओढ असेल, तर माझं मत सरळ डिप्लोमाकडे झुकतं.

एक धोका आहे. दहावीपर्यंत मराठी माध्यमातून आलेल्या पोराला पहिल्या सहामाहीत इंग्रजी पुस्तकं आणि गणित एकदमच भेटतात. विषय राहतात ते याच सहामाहीत. सुट्टीत महिनाभर जरी गणिताच्या इंग्रजी संज्ञा वाचल्या तरी धक्का हलका होतो.

आयटीआयची लाज कशाला?

"कमी मार्क पडले म्हणून आयटीआय" हे वाक्य आपण इतक्या वेळा बोललो आहोत की ते खरं वाटायला लागलं आहे. सरकारी आयटीआयत इलेक्ट्रिशियनच्या यादीत नाव लागायला चांगले गुण लागतात, हे तिथे जाऊन बघावं. इलेक्ट्रिशियन, फिटर, टर्नर, मशिनिस्ट हे ट्रेड दोन वर्षांचे, वेल्डर एक वर्षाचा. त्यानंतर १९६१ च्या शिकाऊ उमेदवारी कायद्याखाली कारखान्यात अप्रेंटिस म्हणून विद्यावेतनावर शिकता येतं. दोन वर्षांच्या आयटीआयनंतर डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षालाही जाता येतं, म्हणजे वरची वाट बंद होत नाही.

आणि हा सांगली जिल्हा यंत्रांचा आहे. पलूसजवळ किर्लोस्करवाडीला १९१० पासून कारखाना आहे. कुपवाड आणि मिरजेच्या एमआयडीसीत टर्नर-फिटर लागतात. राजारामबापू आणि वाळव्याच्या हुतात्मा साखर कारखान्यांत मिल आणि टर्बाइन चालवायला हात लागतात. साखर कारखान्यात जाणाऱ्याने एक चौकशी करावी : जागा कायम की हंगामी? गळीत हंगाम हिवाळ्यात असतो, आणि हंगामी माणसाला उन्हाळा-पावसाळ्यात दुसरं काम बघावं लागतं. हातात ट्रेड असला तर मोटार रिवाइंडिंग, शेतपंपाची दुरुस्ती, घरांचं वायरिंग यावर गावातच पोट भरतं. कृष्णाकाठच्या उसाला मोटारी लागतात, आणि मोटारी जळतातच.

आर्ट्स, कॉमर्स आणि बाकीचं

आर्ट्स-कॉमर्सला जाणाऱ्यांनी कमीपणा वाटून घेऊ नये, पण पदवीच्या जोडीला काहीतरी धरावं : टॅली आणि जीएसटी, सीएची फाउंडेशन, स्पर्धा परीक्षा. बीसीए-बीबीएला २०२४ पासून सीईटी सुरू झाली. मुदत चुकली की वर्ष हुकतं. डी.फार्म. बारावीच्या गुणांवर मिळतं, बी.फार्म.ला मात्र सीईटी लागते. बी.एस्सी. ॲग्रीलाही तीच. शेती करायची असेल त्याने कसबे डिग्रजच्या कृषी संशोधन केंद्रात एकदा चक्कर टाकावी. हळदीवरचं काम तिथे बघायला मिळतं.

भरतीची अकादमी लावणारे बरेच असतात. पोलीस शिपायाला बारावी लागते. अग्निवीरला दहावी चालते, पण नोकरी चार वर्षांची आणि त्यानंतर कायम होतात जास्तीत जास्त २५ टक्के. सकाळी मैदानावर धावा, पण कॉलेज सोडून धावू नका.

मुलींच्या घरच्यांसाठी

जुलै २०२४ च्या शासन निर्णयानुसार ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना, घरचं वार्षिक उत्पन्न आठ लाखांपर्यंत असेल तर, व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. अट अशी की प्रवेश केंद्रीय फेरीतून झालेला हवा. व्यवस्थापन कोट्यातून घेतला तर माफी नाही. अर्ज महाडीबीटीवर करायचा. वसतिगृह, गाडी आणि कॉलेजचे इतर खर्च यात येत नाहीत, ते आधी विचारून घ्या. ग्रामीण भागातल्या मुलींना बारावीपर्यंत एसटीचा पास अहिल्याबाई होळकर योजनेतून मोफत मिळतो. "लांब पडतंय" म्हणून मुलीला गावातल्याच शाखेत बसवण्याआधी या दोन्ही सवलतींचा हिशेब कागदावर मांडा.

विषय राहिला तर

एक-दोन विषय राहिले असतील तर एटीकेटीवर अकरावीला प्रवेश मिळतो, आणि पुरवणी परीक्षा पावसाळ्याच्या सुरुवातीलाच होते. वर्ष जात नाही. गुण अनपेक्षित वाटले तर आधी उत्तरपत्रिकेची छायाप्रत मागवावी लागते, पुनर्मूल्यांकन त्यानंतर. मुदत थोडीच असते, म्हणून निकालादिवशीच शाळेत विचारा. काही आयटीआय ट्रेडना दहावी नापासही चालतं. आणि नापास पोराला नातेवाइकांसमोर उभं करून त्याची चौकशी करणं तेवढं टाळा.

फॉर्म भरण्याआधी

पहिली पसंती टाकण्याआधी एक दिवस काढा आणि पोराला घेऊन त्या कॉलेजात किंवा आयटीआयत जाऊन या. ऑफिसात माहितीपत्रक मिळेल; ते घ्या, पण तेवढ्यावर परतू नका. दुसऱ्या वर्षाच्या पोरांना गाठा आणि विचारा : तास रोज होतात का, वर्कशॉपची कुलपं उघडतात का, पहिल्या वर्षी किती जण अडकले. आणि हे प्रश्न तुम्ही विचारू नका, तुमच्या पोराला विचारू द्या.